सोनुबायच्या कोंबड्या आणि माझ्या म्हशीची पावडर

चौक गावावरून सिमेंटच्या ब्लॉकचा टेंपो आला आणि माझ्या अंगणाच्या बरोब्बर मधोमध रिकामा झाला, तेव्हा मी म्हशीचं आंबोण ढवळत होते. माझ्या अंगणाच्या म्हणजे आमच्या. आमच्या म्हणजे माझ्या आणि सोनुबायच्या. सोनुबाय माझी थोरली जाऊ. घरं दोन, चुली दोन, पण अंगण एक. त्या अंगणात आजवर आडवी काठी पडली नव्हती.

"हे काय गं?" मी ओरडले.

"भिंत घालतेय," सोनुबाय बोलली. माझ्याकडे न बघता बोलली, टेंपोवाल्याशी बोलावं तशी.

"कशाला?"

"माझ्या कोंबड्या तुझ्या विषापासून लांब राहाव्या म्हणून. आन् मी तुझ्या तोंडापासून."

झालं. एवढं बोलून आत गेली आणि दार लोटून घेतलं. आता गावात जो तो हे आपापल्या परीनं सांगतोय. कशेळ्याच्या बाजारात तर मी जावेच्या कोंबड्यांना उंदराचं औषध घातलं असं ऐकायला आलं. म्हणून मीच सांगते काय झालं ते. मधे मधे बोलू नका, मला राग येतो.

सगळं सुरू झालं आमच्या सुनेपासून. नम्रता पोर गुणाची हाय, पण कशेळ्याला पशुखाद्याच्या दुकानात कामाला लागल्यापासून कोणाच्या पोटात काय जातं आणि काय बाहेर पडतं, याची तिला भारी पंचाईत. एक दिवस सुट्टीच्या सकाळी उकिरड्यापाशी उभी राहून शेणाकडे टक लावून बघत होती.

"काय गं, काय हरवलं का?" मी विचारलं.

"आई, शेणात मका आहे."

"मग? मका खाते, मका टाकते. सोनं कुठून टाकेल?"

"अहो, म्हणजे खाल्लेलं पचत नाही. अर्धं खाणं फुकट चाललंय."

आता माझ्या मैनाला, माझ्या म्हशीला, खाल्लेलं पचत नाय हे मी सुनेकडून ऐकायचं? मी भांडी आपटली. पण पोरगी चिवट. दुसऱ्या दिवशी दुकानातून पाकीट घेऊन आली. आत पिवळट पावडर. एन्झाइम म्हणतात तिला. चिमूटभर आंबोणात घालायची, ती पोटात जाऊन कोंडा आणि दाणा फोडून देते, मग जनावराला त्यातलं सत्त्व मिळतं, असं तिनं मला समजावलं. आमचे हे खाटेवर मोबाईल बघत होते, ते बोलले, "बरं." हे सगळ्यालाच 'बरं' बोलतात. टेंपो आला तेव्हाही 'बरं'च बोलले.

मी पावडर घालायला लागले. आमच्या घरात दुभत्या जनावराला गार खाणं घालायची रीत नाय. सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलेलं, म्हशीला ऊनऊन आंबोण द्यायचं. मोठं पातेलं चुलीवर चढवायचं, कोंडा, कणी, पेंड, मीठ घालून रटरट शिजवायचं, उतरवलं की वरून जाडाभरडा मका पसरायचा आणि कोमट झालं की म्हशीपुढे ठेवायचं. आता मला सांगा, पावडर कधी घालणार मी? आपण मसाला घालतो तेव्हाच ना! उकळी फुटली की घालायची. वर झाकण ठेवून आणखी एक वाफ काढायची, सगळा गुण उतरावा म्हणून.

गुण कसला नि काय. दूध तेवढंच, शेण तसंच, मका तसाच. पाकीट संपत आलं तशी मी नम्रताला अंगणात उभी केली. "तुझ्या दुकानदाराला सांग," मी बोलले, "यापेक्षा मी चुलीतली राख घातली असती तर म्हशीचे दात तरी साफ झाले असते!"

पलीकडच्या ओटीवर सोनुबाय तांदूळ निवडत होती. तिनं लगेच काडी टाकली. "आमच्या वेळेला म्हशी गवत खायच्या गं, पावडरी नाय लावायच्या."

"तुझ्या वेळेला म्हैस होती कुठं? बकरी होती ती," मी बोलले. आमचं हे असं रोजचं. त्यात काय भांडण नसायचं. सकाळी चहा घेतल्यासारखं ते एकदा व्हायला लागायचं, नाय तर दिवसभर डोकं दुखायचं.

नम्रतानं शांतपणे विचारलं, "आई, तुम्ही पावडर घालता कशी?"

"कशी म्हणजे? उकळीला."

पोरगी कपाळाला हात लावून खालीच बसली. "शिजवलीत?"

"मग काय कच्ची घालू?"

"अहो, गरमीनं तिची सगळी ताकद जाते! कढत दुधात विरजण घातलं तर दही लागतं का?"

हे मात्र मला पटलं. विरजणाचं मला कोणी शिकवायला नको. पण पटलं म्हणून राग थोडाच जातो. "मग आधी बोलायला काय झालेलं?"

"दुकानात येणारं कुणी म्हशीला शिजवून घालतच नाही! मला काय माहीत?"

"लग्न होऊन आल्यापासून रोज ते पातेलं बघतेस ना?"

"मला वाटायचं तुम्ही आंघोळीचं पाणी तापवता."

घ्या! म्हणजे आमची सून एवढे दिवस असं समजत होती की आमी मिठाच्या पाण्यानं आंघोळ करतो. सोनुबाय तिकडे इतकी हसली की तिचं सूप उलटलं, आणि सांडलेले तांदूळ तिच्या कोंबड्यांनी बघितलेसुद्धा नायत. का बघितले नायत, ते पुढे कळेल.

दुसऱ्या दिवसापासून मी आंबोण निवू द्यायला लागले. पातेल्यात बोट बुडवून ठेवायचं, भाजलं नाय तर मग पावडर. मका पण नम्रतानं गिरणीतून बारीक भरडून आणला. आणि मग बघा काय फरक पडला! मैनाच्या अंगावर तुकतुकी आली. दूध वाढलं. डेअरीवाला कॅनमध्ये बघून बोलला, "काकी, पाणी घालायचं विसरला काय?" मेल्याला मी चांगलं सुनावलं, पण मनातून खूश झाले.

शेण तर असं व्हायला लागलं की बघत राहावं. घट्ट, वास कमी, आणि मक्याचा दाणा औषधाला नाय. मी ते लोकांना दाखवायला लागले. पाहुणा आला की आधी पाणी, मग शेण. आमचे हे बोलले, "बरं दिसत नाय ते." यांच्या तोंडून 'बरं'च्या पुढे चार शब्द गेले म्हणजे खरंच अती झालं असणार, पण मी कशाला ऐकतेय?

आणि इकडे सोनुबायच्या कोंबड्या सुकायला लागल्या.

सोनुबायच्या कोंबड्या म्हणजे काय साध्या कोंबड्या नायत. आमच्या गावाबाहेर मुंबईवाल्यांचे बंगले झालेत, त्यातली एक मॅडम दर शनिवारी गाडी घेऊन सोनुबायकडे अंड्यांना यायची. "आजी, काय खायला घालता हो यांना? बलक किती केशरी आहे!" असं विचारायची. आणि सोनुबाय पदर सारखा करून बोलायची, "निवडलेला दाणा हो. माझ्या हातचा. दुसरं काय नाय." हे ती इतक्या वेळा बोललेली की तिला स्वतःला खरं वाटायला लागलेलं. भावोजी गेले, तिचा पोरगा राजेश बायकोपोरं घेऊन बदलापूरला राहतो, फोन करतो तोही घाईत. घरात बोलायला कोण नाय. पण शनिवारी एक शिकलेली बाई येऊन तिच्या ओटीवर बसते आणि तिच्या हाताचं कौतुक करते, याचा तिला केवढा तोरा! तो तोरा मला आवडायचा नाय. आता वाटतं, आवडून घ्यायला पाहिजे होता.

त्या कोंबड्यांनी अंडी बंद केली. सकाळी सोडल्या की पळत पळत माझ्या गोठ्याशी यायच्या, उकिरडा उकरायच्या, उकरून उकरून थकायच्या, आणि मग ओळीनं उभ्या राहून माझ्याकडे बघायच्या. रेशनच्या दुकानाला टाळं बघून बायका उभ्या राहतात ना, अगदी तशा. आधी मी हाकललं. मग एक दिवस शेणाची पाटी उचलता उचलता माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अगं बाई! सोनुबायच्या कोंबड्यांना आजवर पोसत होती कोण? माझी मैना! शेणातून पडणारा तो भिजलेला मका खाऊन त्या फुगलेल्या, म्हणून तर तांदळाकडे ढुंकून बघत नव्हत्या. सोनुबायचा निवडलेला दाणा म्हणजे संध्याकाळी खुराड्याशी बोलवायला टाकलेली मूठभर कणी. आता मैनाला सगळं पचायला लागलं आणि यांचं जेवण बंद झालं.

मला एवढं हसू आलं की पाटी खाली ठेवावी लागली. आणि हसताना ज्या गोष्टी करू नये, त्या माणूस करतो.

तो शनिवार होता. मॅडम ओटीवर बसलेली, समोर रिकामी टोपली. सोनुबाय तिला सांगत होती, "काय तरी झालंय बघा. शेजारी पावडरी चालू झाल्यात ना म्हशीला, तेव्हापासून. हवेत उडत असंल विष."

विष? माझ्या पावडरीला? मी तरातरा गेले आणि सगळं सांगून मोकळी झाले. "पावडरीनंच झालंय, पण विष नाय त्यात! तुझ्या कोंबड्या माझ्या म्हशीच्या शेणातला मका वेचून जगत होत्या, सोनुबाय. आता शेणात मका नाय, म्हणून अंडी नाय. निवडलेला दाणा म्हणे!"

मॅडमनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा उकिरड्याकडे बघितलं. मग बोलली, "ॲक्च्युअली आजी, आम्ही अंडी कमीच करतोय आता. कोलेस्टेरॉल." आणि गाडीत जाऊन बसली. काच वर केली ती केलीच.

सोनुबायनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मी दोन परत दिल्या असत्या. ती नुसती टोपली घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी टेंपो आला.

तर ही अशी भिंत. साईनाथ गवंडी आला, त्यानं दोन खुंट्या ठोकल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. दोरी बरोबर तिच्या तुळशीच्या आणि माझ्या पाण्याच्या पिंपाच्या मधून गेली. "परवा काम धरतो," बोलून गेला.

मी त्या दोरीकडे बघत बसले. खरं सांगू? मी या घरात आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सोनुबाय सासूच्या नकळत माझ्या भाकऱ्या थापून द्यायची, आणि वर मला टोमणे मारायची. माझा हर्षद झाला तेव्हा डोंबिवलीला असलेली माझी सख्खी बहीण आली नाय, ही आली. आज ती पलीकडे खोकली की मला इकडे कळतं तिला काढा हवाय. सात फुटांची भिंत झाली की मी भांडू कोणाशी? यांच्याशी? हे 'बरं' बोलून मोकळे होतात. मला रडू आलं. नम्रतानं बघितलं तेव्हा धूर गेला डोळ्यात असं सांगितलं. चूल विझलेली होती.

मी शेराचं माप भरून मका घेतला आणि दोरीपाशी गेले. "सोनुबाय, हा घे. कोंबड्यांना टाक."

"तुझ्या घरचा दाणा माझ्या दारात नको," ती आतूनच बोलली. "माझ्या कोंबड्या मी पोसते."

"अगं, माझं तोंड सुटलं. चुकले मी."

"तोंड नाय सुटलं. खरं बोललीस तू," ती बोलली. "म्हणून तर भिंत घालतेय."

मका घेऊन परत आले. मग मला एक सुचलं. तिच्या दारात माझा दाणा नको ना? नको तर नको. पण माझ्या उकिरड्यात काय पडतं ते माझ्या म्हशीच्या मर्जीवर. दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत उठले, पदरात मका घेतला, ताज्या शेणावर पसरला आणि वरून बोटानं जरा जरा दाबला. आमचे हे पाठीमागे येऊन उभे राहिलेले, मला कळलं नाय.

"काय करतेस?" यांनी विचारलं.

"म्हशीला मदत करतेय."

"बरं," बोलून हे झोपायला गेले.

कोंबड्या आल्या. आधी त्यांना विश्वास बसेना. मग जो काय धुमाकूळ घातला! त्यांची पिसं फुलली, त्या कलकलाट करायला लागल्या. मी गोठ्याच्या दाराआड उभी राहून बघत होते, आणि मला वाटत होतं की आता अंडी येतील, सोनुबायचा राग उतरंल, दोरी सुटंल. पण अंडी काय लगेच येतात? आणि साईनाथ मात्र परवा येतो बोललेला.

तो आला. सिमेंट कालवलं, घमेलं भरलं, पहिला ब्लॉक उचलला. पण कोंबड्या सगळ्या माझ्या बाजूला, उकिरड्यावर. "मावशी, कोंबड्या तुमच्या बाजूला घ्या," त्यानं सोनुबायला हाक मारली, "नाय तर भिंतीपलीकडे राहतील."

सोनुबाय काठी घेऊन आली. कमरेत वाकून दोरीखालून माझ्या बाजूला आली. टेंपो आल्यापासून पहिल्यांदा आली. "हुश्श हुश्श" करत उकिरड्याशी गेली आणि एकदम थांबली. खाली वाकली. शेणावरनं एक दाणा उचलला, डोळ्यांजवळ धरला, पदराला पुसला, पुन्हा बघितला. मी गोठ्यात शेण ओढायचं नाटक करत होते, पण डोळा सगळा तिच्यावर.

"जने," ती बोलली, "तुझी म्हैस खाते काय गं?"

"मका. भरडलेला."

"भरडलेला खाते आन् अख्खा टाकते?"

मी शेण आणखी जोरानं ओढायला लागले.

"आन् तोही कोरडा?"

साईनाथ ब्लॉक हातात धरून आमच्या तोंडाकडे बघत राहिला. मी बोलले, "पावडर भारी हाय ती."

सोनुबायनं दाणा मुठीत ठेवला. कोंबड्यांना काठीनं हाकललं नाय. तशीच दोरीखालून आपल्या बाजूला गेली आणि साईनाथला बोलली, "आज राहू दे रं. माझं डोकं दुखतंय." साईनाथ चरफडत गेला, कालवलेलं सिमेंट आमच्या यांनी गोठ्याच्या उंबऱ्याला लावून टाकलं. दोरी तशीच होती. रात्रभर मला काय डोळा लागला नाय.

पहाटे पुन्हा उठले, पदरात मका घेतला, उकिरड्याशी गेले. आणि बघते तर काय, ताज्या शेणावर आधीच दाणा पडलेला! मका नव्हता. पांढरे शुभ्र तांदूळ, एकेक निवडलेला, खडा नाय, कणी नाय.

वर बघितलं. दोरीवर सोनुबायचं लुगडं वाळत घातलेलं होतं, पिळून नीट पसरलेलं, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत. त्याच्या पलीकडून तिचं डोकं वर आलं. हातात रिकामं सूप.

"जने, काय गं ही तुझी म्हैस!" ती बोलली. "आज तांदूळ टाकलेत तिनं."